प्रश्न उद्भवत नाही

आठवीच्या नागरिकशास्त्रात 'भारताची संसद' हा पाठ आहे. दरवर्षी पावसाळा सरता सरता तो येतो. आम्ही फळ्यावर लोकसभा, राज्यसभा, सभापती, अध्यक्ष असे रकाने पाडतो, मुले ते वहीत उतरवून घेतात आणि तास संपतो. जळकोटसारख्या गावात दिल्ली फार लांब असते. हैदराबादकडे जाणारा महामार्ग गावाला लागून आहे. त्यावरून ट्रक, बसगाड्या आणि लग्नाच्या जीपा जातात. संसद कधी त्या रस्त्याने आलेली मुलांनी पाहिलेली नाही.

मात्र गेल्या वेळी हा पाठ आम्हाला नेहमीसारखा शिकवता आला नाही. मधल्या काळात संसदेतला एक नियम आमच्या घरात येऊन बसला होता. त्याची हकीकत वाचक बंधुभगिनींपुढे ठेवतो आहोत. त्यात आमच्या चुकाही आहेत. त्या लपवल्या तर लिहिण्यात काही अर्थ उरणार नाही.

आमची थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, शौहर वारल्यापासून आमच्याकडेच असते. तिचा एकुलता एक मुलगा सोलापुरात टॉवेल-चादरीच्या कारखान्यात कामाला आहे. तो तिथेच खोली करून राहतो आणि सुटीला गावी येतो. २०२२ मध्ये आपाच्या पायांवर सूज आली, चेहरा सकाळी फुगलेला दिसू लागला. आम्हाला वाटले, उन्हाचा त्रास असेल. तपासण्या झाल्या तेव्हा दोन्ही मूत्रपिंडे जवळपास निकामी झालेली होती. कारण जुना रक्तदाब. तो वर्षानुवर्षे अंगात होता आणि कुणी मोजला नव्हता. शेजारच्या अणदूरला डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशन उभे केले, गावोगावच्या साध्या बायकांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केले. इतक्या जवळ हे काम चालू असताना आमच्या घरात रक्तदाब मोजला गेला नाही. ही आमची पहिली चूक.

डायलिसिस सुरू झाले. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी. डाव्या हाताला फिस्टुला केलेला. त्यावर बोट ठेवले की आत मांजर गुरगुरावे तशी थरथर लागते. त्या हाताने घागर उचलायची नाही, बांगडी घालायची नाही. पाणी मोजून प्यायचे. मराठवाड्याच्या मे महिन्यात दिवसाला इतकेच पाणी, हे सांगताना आमची जीभ अडखळायची.

खर्चाची काळजी मात्र नव्हती, कारण भाच्याचे कामगार विम्याचे कार्ड होते. त्याला २०,६०० रुपये पगार होता. त्यातून महिन्याला पाऊण टक्का, म्हणजे १५५ रुपये कापले जात आणि मालक सव्वातीन टक्के भरत असे, म्हणजे ६७० रुपये. एवढ्यावर आईचे डायलिसिस, औषधे, तपासण्या सगळे होत होते. या कार्डाला आम्ही पूर्वी 'गिरणीवाल्यांचे कार्ड' म्हणून हसत होतो. पण त्यात अवलंबून असलेल्या आईबापांचाही हक्क असतो, हे आपाच्या आजारपणात कळले.

जानेवारी २०२३ मध्ये भाचा पेढे घेऊन आला. "खाला, सुपरवायझर केलं मला!" पगार झाला होता २१,३०० रुपये. सातशे रुपयांची वाढ. आपाने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, अम्मींनी दोन रकात शुक्राना नमाज पढली, शेजारी पेढे वाटले. एप्रिलपासून १५५ रुपयांची कपातही थांबली. भाच्याला तीही वाढच वाटली आणि आम्हालाही.

डिसेंबरात रुग्णालयाच्या खिडकीवर सांगण्यात आले की कार्ड ३१ डिसेंबरपर्यंतच चालेल.

आम्ही चौकशी केली तेव्हा नियम समजला. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाराच या विम्यात बसतो. पगार मध्येच वाढला तर चालू सहामाही संपेपर्यंत वर्गणी घेतात, आणि त्या वर्गणीचा लाभ पुढच्या ठरावीक सहामाहीत मिळतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचा लाभ जुलै ते डिसेंबरात. भाच्याची शेवटची वर्गणी मार्च २०२३ ची, म्हणून शेवटचा लाभ डिसेंबर २०२३ चा. नियमात कुठे खोट नव्हती, कुणी फसवलेही नव्हते. कारखान्याने कागद दिला होता आणि भाच्याने त्यावर सही केली होती. तो कागद आमच्या घरात कपाटावर पडून होता. नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने तो उघडून वाचला नाही. ही दुसरी चूक.

हिशेब साधा होता. एका डायलिसिसला १,४०० रुपये. महिन्याला आठ-नऊ वेळा. वर रक्तवाढीची इंजेक्शने, एसटी, रिक्षा. महिन्याला सोळा-सतरा हजार. आणि पगारवाढ सातशेची.

राज्याची योजना आहे ना, असे वाचक म्हणतील. आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. डायलिसिस तिच्यात बसते. पण त्या वेळी ती पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डावर होती. पांढऱ्या कार्डाच्या माणसाला ती आपल्यासारख्या चौदा दुष्काळी, आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतच मिळे, तीही सातबारा असलेल्या शेतकऱ्याला. आमचे कार्ड पांढरे. शेत नाही. खासगी संस्थेतली नोकरी, तिला वैद्यकीय बिलांची सोय नाही. सरकारी दवाखान्यांत २०१६ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात डायलिसिसची सोय झालेली आहे. एके ठिकाणी आपाचे नाव नोंदवले. मशीन मोजक्या आणि माणसे फार. नंबर लागेपर्यंत थांबा, असे सांगण्यात आले. ज्याला दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रक्त धुऊन घ्यायचे आहे, त्याने थांबायचे म्हणजे काय करायचे?

भाचा कारखान्यात गेला आणि म्हणाला, "मला जुन्या जागेवर घ्या, पगार कमी करा." लोक हसले. मग त्याला कळले की जुन्या पगारावर गेला तरी नव्याने वर्गणी भरून लाभ सुरू व्हायला पुन्हा बरेच महिने जातील. त्या रात्री तो आईच्या खाटेशी बसून म्हणाला, "अम्मी, माफ कर, मेरा पगार बढ़ गया." आमच्या बावीस वर्षांच्या नोकरीत मुलांच्या तोंडून नापास झाल्याबद्दल माफी खूप ऐकली आहे. बढतीबद्दलची माफी त्या रात्री पहिल्यांदा ऐकली.

आपाच्या दोन बांगड्या विकल्या. मग मोहल्ल्यातल्या जाणत्या लोकांनी जकातीतून मदत देऊ केली. शरीयतप्रमाणे ती आपाला लागू होती. विधवा बाई, अंगावर सोने उरलेले नाही, म्हणजे ती हकदारच. पण जी बाई चाळीस वर्षे ईदच्या आधी फितरा मोजून दुसऱ्यांच्या घरी पोचवत आली, तिने तो लिफाफा हातात घेतला नाही. तो आम्हाला तिच्या उशाखाली ठेवावा लागला. जकात देणाऱ्यांचे आम्ही ऋणी आहोत, अल्लाह त्यांना अज्र देवो. तरीही एक गोष्ट त्या दिवसांत मनाला चाटून गेली. १५५ रुपये कापून घेऊन मिळणारे डायलिसिस आणि लिफाफ्यातून मिळणारे डायलिसिस, दोन्हींत मशीन तेच आणि सुई तीच. पण पहिल्या वेळी आपा रुग्णालयाच्या खिडकीवर "कार्ड आहे" असे मान वर करून म्हणायची.

मार्चमध्ये रमजान सुरू झाला. १२ मार्चचा पहिला रोजा. आपाला रोजे माफ होते, डॉक्टरांनी आणि मौलानांनीही तिला तसे सांगितले होते. दुसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "अब हफ्ते में एकीच बार बोले डॉक्टर. जुम्मे को जाना नै." आम्हाला बरे वाटले. खरे सांगायचे तर दिलासा वाटला, आणि त्या दिलाशात पैशांचा हिशेबही होता. आम्ही फाइल उघडून पाहिली नाही. भाच्यालाही तिने तेच सांगितले होते. तीन जुम्मे गेले. एका रात्री तरावीहची नमाज सुटून लोक घरी परतत असताना आपाला श्वास घेता येईना. छातीत पाणी भरलेले. शेजाऱ्याची जीप, पाठीमागच्या सीटवर आम्ही आणि तिचे डोके आमच्या खांद्यावर. नळदुर्ग मागे पडला तेव्हा ती म्हणाली, "मेरेकू कुछ नै हुआ, तुमे फिकर नको करो." डॉक्टरांनी कधी 'एकदा' म्हटलेच नव्हते. आमचे पैसे वाचावेत म्हणून ती खोटे बोलली होती, आणि ते खोटे आम्ही विश्वास ठेवावा इतके आम्हाला सोयीचे होते.

अल्लाहच्या मेहेरबानीने ती वाचली. हृदय मात्र अशक्त झाले. ईद ११ एप्रिलला झाली. शीरखुर्म्याची वाटी तिने तोंडाला लावून खाली ठेवली.

त्यानंतर आम्ही वाचायला बसलो. जे पाठ्यपुस्तकात नाही ते शोधून वाचले. आपल्या देशात कामगारांच्या आरोग्य विम्याचा पाया एका मराठी माणसाने घातला, हे आम्हाला ठाऊक नव्हते. १९४३ मध्ये सरकारने प्रा. बी. पी. अडारकर यांना औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम दिले. १५ ऑगस्ट १९४४ रोजी त्यांनी अहवाल दिला. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. इंग्लंडात बेव्हरिज यांचा प्रसिद्ध अहवाल १९४२ चा, म्हणून अडारकरांना लोक 'छोटे बेव्हरिज' म्हणत. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंनी कानपूरला योजनेचे उद्घाटन केले. त्याच काळात, १९४६ मध्ये, सर जोसेफ भोर यांच्या समितीने सांगून ठेवले होते की पैसे नाहीत म्हणून कुणीही उपचाराविना राहता कामा नये.

मग रेषा कुठून आली? कायद्यात सुरुवातीपासून पगाराची मर्यादा होती. पहिली ४०० रुपयांची. महागाईबरोबर ती वाढत गेली. २००४ मध्ये ७,५००, २००६ मध्ये १०,०००, २०१० मध्ये १५,००० आणि १ जानेवारी २०१७ पासून २१,०००. आमच्या आपाचे कार्ड बंद झाले तेव्हा या शेवटच्या आकड्याला सात वर्षे झाली होती. सात वर्षांत तेलाचा डबा, भाडे, मजुरी सगळे वर गेले. रेषा जागेवर राहिली, आणि माणसे एकेक करून तिच्या वर जाऊन उघड्यावर पडली. हा आकडा बदलायला संसदेत नवा कायदाही करावा लागत नाही, सरकारने नियम बदलला की पुरते. खासदारांनी याबद्दल संसदेत वेळोवेळी विचारलेही आहे: मर्यादा वाढवणार का, केव्हा, किती?

ही गोष्ट आपल्या समाजाला कुठे लागू, असेही एका गृहस्थांनी आम्हाला विचारले. त्यांचे म्हणणे अगदी चूक नव्हते. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिले की मुसलमानांमध्ये स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे. जळकोटच्या रस्त्यावर पाहा. पंक्चर काढणारा, गॅरेजवाला, फळांची गाडी लावणारा बागवान, बांगड्यांचा मणियार, शिवणयंत्रावरची बाई. यांना मालकच नाही, तर वर्गणी कोण भरणार? कायदा दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या जागेपासून सुरू होतो. आणि हंगामी कारखाना त्यातून पहिल्यापासून वगळलेला आहे. साखर आणि गूळ हे कायद्याच्या दृष्टीने हंगामी. आपल्या जिल्ह्याचे अर्धे अर्थकारण ज्या उसावर चालते, त्या उसाची मोळी डोक्यावर घेणाऱ्या बाईपर्यंत हा विमा कधी पोचलाच नाही.

त्याच गृहस्थांनी दुसरी शंकाही काढली, "विमा जायज आहे का?" आम्ही आलिम नाही, फतवा देण्याचा आम्हाला अधिकार नाही. एवढे सांगू शकतो की जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने डिसेंबर १९८५ मध्ये नफ्यासाठी चालणारा व्यापारी विमा नाजायज ठरवला आणि त्याच ठरावात परस्पर सहकार्याचा विमा जायज मानला. ओझे वाटून घेण्याची रीत आपल्याला नवी नाही. मदीनेच्या करारात प्रत्येक कबिल्याने आपल्या माणसाचा दंड आणि कैद्याची सुटका मिळून भागवावी, अशी तरतूद होती. ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना जरूर विचारावे. पण न विचारता 'आपल्याला नको' म्हणून घरी बसू नये.

आता वर्गाकडे येतो. पाठ सुरू झाला तेव्हा आम्ही रकाने पाडले नाहीत. प्रश्नोत्तराचा तास शिकवला. लोकसभेत सकाळी अकराला कामकाज याच तासाने सुरू होते. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने उभे राहून तोंडी उत्तर द्यायचे, त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. तारांकित यादीत दिवसाला वीस प्रश्न. निदान पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते. प्रश्न साधारण दीडशे शब्दांच्या आत हवा, त्यात वाद घालायचा नाही, टोमणा मारायचा नाही. सत्तेवर कोणीही असो, तिला रोज एक तास उत्तर द्यायला उभे राहावे लागते.

मुलांना आम्ही आणखी एक गोष्ट सांगितली, जी आम्हालाही वाचतानाच कळली होती. सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनामुळे संसदेचे अधिवेशन लहान झाले आणि त्यात प्रश्नोत्तराचा तास घेतला गेला नाही, फक्त लेखी उत्तरे दिली गेली. त्याच अधिवेशनात सामाजिक सुरक्षा संहिता मंजूर झाली. १९४८ च्या विमा कायद्याची जागा तिने घेतली, आणि ती नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. तिच्यात काही चांगल्या वाटा आहेत. दहापेक्षा कमी माणसांच्या जागेलाही आता स्वखुशीने विम्यात येता येते. पण हंगामी कारखाना अजून बाहेरच आहे, आणि पगाराची रेषा किती असावी हे ठरवणे सरकारच्या अधिसूचनेवर सोपवलेले आहे. एवढा मोठा कायदा झाला तेव्हा मंत्र्यांना समोरासमोर उपप्रश्न विचारण्याचा तास बंद होता.

"मॅडम, मग प्रश्न विचारून काही होतं तरी का?" मागच्या बाकावरून आवाज आला.

होते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न आपल्या विधिमंडळात उठला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भाशये काढलेली निघाली. तोवर ही गोष्ट कुजबुजीत होती. प्रश्न विचारला गेला म्हणून ती कागदावर आली. एक मुलगी हे ऐकताना खाली मान घालून बसली होती. तिचे आईवडील दिवाळीनंतर तोडीला जातात. तिने हळूच विचारले, "मॅडम, तोडीवाल्यांना ते कार्ड असतं का?"

आम्ही मुलांना गट पाडून प्रश्न तयार करायला सांगितले. नमुना आपल्या विधिमंडळातला घेतला, कारण त्याची मराठी मुलांच्या तोंडात बसते. त्या मुलीच्या गटाने आम्ही सांगितलेली आपाची हकीकत घेऊन हा प्रश्न लिहिला:

श्रम व रोजगार मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :
(१) पगार २१ हजारांच्या वर गेला की कामगाराच्या आईचे चालू उपचार बंद होतात, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, सुरू झालेले उपचार पगारवाढीमुळे मध्येच थांबू नयेत, तसेच ऊसतोड कामगारांनाही हे कार्ड मिळावे, यासाठी कायद्यात दुरुस्ती करण्यात येणार आहे काय;
(३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

शनिवारी अभिरूप संसद भरली. मंत्री झालेला मुलगा हुशार. त्याने आमच्याकडून जुन्या उत्तरांचे नमुने पाठ करून घेतले होते. तो उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला :

"(१) हे अंशतः खरे आहे. (२) असा कोणताही प्रस्ताव विचाराधीन नाही. (३) प्रश्न उद्भवत नाही."

वर्ग हसला. ती मुलगी हसली नाही. ती उभी राहिली आणि अध्यक्षांची परवानगी न घेता म्हणाली, "उद्भवतो."

अध्यक्ष झालेल्या मुलाने आमच्याकडे पाहिले. नियमाप्रमाणे तिला खाली बसवायला हवे होते. आम्ही त्याला खूण केली, बोलू दे. तिने पुढे फार काही बोलले नाही. "माझ्या आईला पोटात दुखतं. ती म्हणते, तोड संपल्यावर बघू." एवढेच बोलून ती बसली. मंत्री झालेल्या मुलाने हातातला कागद उलटून पाहिला. त्यावर याचे उत्तर नव्हते.

आम्ही उर्दूही शिकवतो. उर्दूत 'सवाल' म्हणजे प्रश्न आणि 'सवाली' म्हणजे दारात उभा राहून मागणारा. 'साइल' या शब्दात विचारणारा आणि मागणारा दोघेही येतात. कुरआनच्या सूरह अज़्-ज़ुहामध्ये साइलाला झिडकारू नये अशी ताकीद आहे, आणि अनेक तफसीरकारांनी तिथे दोन्ही अर्थ घेतले आहेत. भुकेला दारात आला तर त्याला हाकलू नये, आणि कुणी काही विचारायला आला तर त्यालाही. त्या शनिवारी घरी येताना हाच शब्द मनात घोळत होता. आपण आयुष्यभर मागणाऱ्याला लिफाफा देण्याचे शिकलो. विचारायचे कसे, हे आपल्या मुलींना शिकवले का?

१ जुलै २०२४ पासून महात्मा फुले योजना राज्यातल्या सर्वांना खुली झाली. कार्ड पिवळे असो, केशरी असो की पांढरे. विम्याचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाचे पाच लाख झाले. आमच्या आपाला जे सहा महिने ओलांडता येत नव्हते, त्या सहा महिन्यांच्या पलीकडच्या काठावर ही योजना उभी होती. आणि तिथे आमची तिसरी चूक निघाली. आपा आमच्याकडे येऊन वर्षे झाली, पण तिचे नाव आमच्या रेशनकार्डावर चढवलेलेच नव्हते. पांढऱ्या कार्डावर धान्य मिळत नाही, मग नाव कशाला, असे म्हणून आम्ही ते टाळले होते. सासरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला, आधारवर एक स्पेलिंग, दाखल्यावर दुसरे, आडनावात एकदा 'शेख' आणि एकदा 'शेक'. ते सगळे जुळवण्यात जुलै गेला आणि ऑगस्टही अर्धा गेला. तेवढ्या महिन्याचे पैसे पुन्हा उसनेच.

म्हणून वाचक बंधुभगिनींना आमची कळकळीची विनंती आहे. ही पाने मिटल्यावर कपाटातली कागदपत्रे काढा. विधवा बहीण, परतलेली मुलगी, वृद्ध चाची, जे कुणी घरात राहते त्याचे नाव रेशनकार्डावर आहे का ते पाहा. आधार, रेशनकार्ड आणि दाखला यांवरचे नाव अक्षराला अक्षर जुळते का ते पाहा. घरात सत्तरी ओलांडलेले कुणी असेल तर उत्पन्न न पाहता आयुष्मान योजनेचे वेगळे कार्ड निघते, ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे. आमच्या अम्मींचे आम्ही काढले. मुलगा कारखान्यात असेल तर त्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर विम्याची कपात आहे का आणि त्याचा पगार रेषेच्या किती जवळ आहे ते विचारा. बढतीचे पेढे वाटण्याआधी विचारा. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला भेटा. १५५३८८ हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. आणि आजारी माणूस "मला आता बरं आहे, जायची गरज नाही" म्हणाला, तर त्याची फाइल उघडून पाहा.

आपा आता मंगळवारी आणि शुक्रवारी जाते. जुम्म्याच्या दिवशी लवकर नहाते, दुपट्टा पिनेने नीट लावते आणि एसटीची वाट पाहते. खिडकीवर पुन्हा "कार्ड आहे" असे म्हणते. भाचा सुपरवायझरच आहे. परवा त्याचा फोन आला, पगार परत थोडा वाढला. सांगताना त्याचा आवाज जपून येत होता. आपाने फोन हातात घेतला आणि त्याला म्हणाली, "माफी मांगू नको. पेढे ला."

ती मुलगी यंदा नववीत गेली. तोडीचा हंगाम सुरू होण्याआधी तिच्या आईला तपासून घ्यायचे आम्ही ठरवले आहे. कार्ड केशरी आहे, आईचे नाव आहे, आधार जुळते. आम्ही स्वतः पाहिले. तिच्या प्रश्नाचा कागद आमच्याकडे आहे. त्यातल्या तिसऱ्या ओळीचे उत्तर आलेले नाही. मुलीने मागच्या आठवड्यात विचारलेही, "मॅडम, तो प्रश्न खरोखर पाठवायचा का?" आम्ही म्हणालो, पाठवू. आधी दीडशे शब्दांत बसतो का ते मोज.

तिने मोजले. बसतो.